पुणे मेट्रो रोजच्या वापरात: समाधान कशात आहे, कमी कुठे पडते

कित्येक महिने रोज मेट्रोने जाऊन-येऊन झालेलं मत आधी सांगते: शहरात राहणं सुसह्य करतो तो वेळेचा भरवसा. वेग त्याच्या नंतर. वनाज ते रामवाडी हा प्रवास पावसातही तेवढ्याच वेळात होतो, आणि संध्याकाळी कर्वे रस्ता तुंबला तरी गाडीला फरक पडत नाही. तिकीट 10 ते 35 रुपये. शनिवार-रविवारी 30 टक्के सवलत, एरवी कार्डावर 10 टक्के. त्यामुळे रोज जाणाऱ्याने कार्डच घ्यावं, खिडकीची रांगही वाचते.

मार्गिका बदलण्याचा वेळ मात्र आधीच धरून चाला. जिल्हा न्यायालय स्थानकात वनाज-रामवाडीची गाडी उन्नत, तर पिंपरी-स्वारगेटची जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. मधे सरकत्या जिन्यांचे अनेक टप्पे आहेत. पाच-सात मिनिटं सहज जातात, सामान किंवा गुडघेदुखी असेल तर जास्तच. अशांनी सरळ लिफ्ट गाठावी.

स्थानकाच्या नावावर विसंबू नका. भोसरी नावाने सुरू झालेलं स्थानक नाशिक फाट्यावर आहे. भोसरी गावात जायला तिथून पुढे बस किंवा रिक्षा लागतेच. स्वारगेटला उलट अनुभव: एसटी आणि पीएमपी (शहर बस) दोन्ही हाताशी, म्हणून सातारा-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना पिंपरीहून हा मार्ग फार सोयीचा. मंडई स्थानकाने तर पेठांमधला पार्किंगचा प्रश्नच मिटवला.

खरी कसोटी आहे ती स्थानक ते घर या टप्प्याची. माणसं पुन्हा दुचाकी काढतात ती इथेच. पदपथावर लावलेल्या गाड्या, मधेच उघडं चेंबर, रात्री अंधार, जवळचं भाडं नाकारणारा रिक्षावाला. गाडी दहा मिनिटांत पोचवते आणि पुढच्या अर्ध्या किलोमीटरला पंधरा लागतात. भाड्याचं घर बघायला जाताना म्हणून नकाशावरचं अंतर मोजत बसू नका. स्थानकापासून दारापर्यंत एकदा सकाळी नऊला आणि एकदा रात्री दहाला चालून बघा. रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, दिवे लागतात का, पावसाचं पाणी कुठे साचतं हे पाहा.

गाड्या तीन डब्यांच्या आहेत, ऐन गर्दीत उभंच राहावं लागतं. ते चालतं. सलग, मोकळा पदपथ मिळाला तर मी आजच दुचाकी विकीन.