कूलरच्या खोलीत कोणता स्पीकर: उचलायचा की बसवायचा?

पाच-सहा हजारांत स्पीकर घ्यायचा म्हटलं की समोर दोन पर्याय येतात. एक, पाण्याच्या बाटलीएवढा, बॅटरीवर चालणारा. दुसरा, प्लगवर चालणारा २.१ संच, म्हणजे बासची एक पेटी आणि दोन छोटे डबे. ब्लूटूथ आता दोन्हींत असतं, त्यामुळे ‘वायरलेस’ हा वादाचा मुद्दाच राहिलेला नाही. उरतो तो एवढाच प्रश्न, की स्पीकर उचलून नेता येतो की नाही. दुकानदार हा प्रश्न सहलीच्या भाषेत विचारतात: फुटाळ्यावर नेणार का, रामटेकला नेणार का? नागपूरकराने तो घरातच, आणि तोही उन्हाळ्यातच, स्वतःला विचारावा असं मला वाटतं.

कारण कूलर.

होळी झाली की कूलर निघतात आणि मृग नीट बरसेपर्यंत चालतात. या तीन-चार महिन्यांत शांत खोली नावाचा प्रकार घरात नसतो. स्पीकरची तारीफ मात्र सगळीकडे शांत खोलीतली असते. म्हणून आधी कूलर आवाजाचं नेमकं काय करतो ते पाहू.

पत्र्याच्या मोठ्या कूलरची मोटर मिनिटाला साधारण १४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला तेवीसच्या आसपास. पंख्याला तीन पाती असतील तर पात्यांचा घुमारा सुमारे ७० हर्ट्झवर येतो, चार असतील तर ९३ वर. बाटलीएवढ्या स्पीकरचा बास नेमका याच पट्ट्यात सुरू होतो. म्हणजे ज्या बाससाठी हजार-दोन हजार जास्त मोजले, तो कूलरच्या घुमाऱ्यात बुडतो. वरच्या टोकाला वाऱ्याचा सुसाट आवाज आणि ताट्यांवरून, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवती जाळ्यांवरून, पडणाऱ्या पाण्याची झिरझिर असते. ती ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ अशी बारीक व्यंजनं खाते. गाणं कसंबसं कळतं, बातम्या आणि कीर्तन निम्मं अंदाजाने ऐकावं लागतं.

मग हात आवाजाच्या बटणाकडे जातो, आणि इथून पुढे दोन्ही पर्याय वेगवेगळ्या रीतीने बिघडतात. छोट्या स्पीकरचं सर्किट साधारण ७०-८० टक्क्यांच्या वर गेलं की ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला पडदा, फाटू नये म्हणून बास आपोआप कमी करतं. आवाज वाढतो, पण पातळ आणि टोचरा होतो. २.१ संचाला ही अडचण नाही, त्याची पेटी कूलरशी झुंजते आणि जिंकतेही. पण जिंकते ती ढुम-ढुम. शब्द उमटतात ते मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ते काम त्या दोन छोट्या डब्यांकडे असतं. ते डबे तुमच्यापासून बारा फुटांवर, टीव्हीच्या शेजारी. परिणामी पलीकडच्या घरात बास पोचतो आणि पलंगावर शब्द पोचत नाहीत.

यावर एकच खरा उपाय आहे, आणि तो वॉटमध्ये नाही, अंतरात आहे. स्पीकर आणि कान यांतलं अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने वाढतो. बारा फुटांवरचा स्पीकर तीन फुटांवर आणला तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे १२ डेसिबल. बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे फायदा याहून थोडा कमी मिळतो, पण मिळतो. वॉट वाढवून १२ डेसिबल मिळवायचे तर सोळापट ताकद लागते. कूलर आपल्या जागी राहतो, त्याचा आवाज तेवढाच राहतो, स्पीकर मात्र कानाजवळ येतो. संचाला हे जमत नाही. त्याच्या वायरी, बासची पेटी, बोर्डाची जागा, सगळं एकदा ठरलं की ठरलं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. बाकीचे मुद्दे मी प्रामाणिकपणे मांडतो, पण वजनाने ते याच्या खालीच आहेत.

शिवाय उन्हाळ्यात घर आक्रसतं. दुपारी सगळे कूलरच्या एका खोलीत, रात्री काहींचं अंथरूण गच्चीवर. संच बसलेला असतो समोरच्या तापलेल्या खोलीत, जिथे मे महिन्यात दुपारी कोणी फिरकत नाही.

आता स्पीकर ठेवायचा कसा, कारण जवळ आणूनही लोक तो चुकीच्या जागी ठेवतात. कानापासून दोन-तीन फुटांवर, बसल्यावर किंवा पडल्यावर कान जिथे येतो त्या उंचीला, लाकडी स्टुलावर. गादीवर ठेवला तर वरचे सूर कापसात जातात आणि बाजूच्या थरथरणाऱ्या चकत्या दबतात. त्या चकत्याच बास देतात, त्यांना मोकळी हवा हवी. लोखंडी कपाटावर ठेवला तर कपाट गाऊ लागतं. कूलरच्या तोंडासमोर ठेवू नये, बाजूला ठेवावा. ताट्या जास्त ओल्या असल्या की झोतात थेंब येतात आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर जाळीवर धरतो. बाटलीछाप स्पीकरवर ‘आयपी ६७’ (धूळ आणि पाणी दोन्हींची चाचणी झाल्याची खूण) लिहिलेलं असेल तर ओल्या फडक्याने पुसून काम भागतं. ‘आयपीएक्स ७’ असेल तर पाण्याची चाचणी झाली आहे, धुळीचं काही सांगितलेलं नाही. एप्रिल-मेच्या धुळीचा विचार केला तर तो मधला ‘एक्स’ मला खटकतो. संचाच्या पेट्या बहुधा दाबलेल्या भुश्शाच्या फळीच्या असतात. कूलरच्या दमट हवेत तीन-चार उन्हाळे गेले की त्यांच्या कडा फुगतात.

एक सेटिंग उलटं वाटेल, पण करून पाहा. ॲपमध्ये इक्वलायझर असेल तर कूलर चालू असताना बास दोन-तीन खुणा कमी करा आणि मधला पट्टा तेवढाच वर घ्या. बास तसाही कूलर खाणार आहे, त्यावर बॅटरी आणि ड्रायव्हरची ताकद कशाला घालवायची? शब्द लगेच पुढे येतात. पावसाळा लागला की सेटिंग जुन्या जागी.

ब्लूटूथची साखळी कधीकधी तुटते, तेव्हा दोष फोनला देण्याआधी कूलर कुठे आहे ते पाहा. खोलीच्या आत स्टँडवर पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर असेल आणि फोन त्याच्या एका बाजूला, स्पीकर दुसऱ्या बाजूला असेल, तर २.४ गिगाहर्ट्झची लहर पत्रा आणि पाणी दोन्हींत अडते. फोन दोन हात सरकवला की प्रश्न सुटतो.

बॅटरीच्या बाबतीत मात्र छोट्या स्पीकरची बाजू लंगडी आहे. लिथियम सेल चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ० ते ४५ अंश. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुपारी बाहेरचा पाराच ४५ ला टेकतो, आणि स्लॅबखालच्या बंद खोलीत चार्जिंगला लावलेला स्पीकर स्वतःच्या उष्णतेची त्यात भर घालतो. अशा वेळी बरेच स्पीकर चार्जिंग थांबवतात, दिवा लुकलुकतो आणि माणूस चार्जर बदलत बसतो. चार्जर ठीक असतो. स्पीकर गार होऊ द्यायचा, आणि चार्जिंग रात्री कूलरच्याच खोलीत किंवा पहाटे करायचं. वाजवता वाजवता चार्ज करणं मे महिन्यात टाळावं. गाडीच्या डिकीत किंवा गच्चीच्या कठड्यावर विसरलेला स्पीकर एका दुपारीत बरंच आयुष्य गमावतो.

एरवी हिशेब असा: पूर्ण चार्ज-डिस्चार्जच्या ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर सेलची क्षमता सुमारे ८० टक्क्यांवर येते. डब्यावर बारा तास लिहिले असतील आणि रोज चार तास वाजवला, तर तीन दिवसांत एक फेरी, वर्षाला साधारण १२०. म्हणजे अडीच ते चार वर्षं. फक्त ते बारा तास मध्यम आवाजावरचे असतात. ८० टक्क्यांवर वाजवला तर निम्मेही भरत नाहीत. कानाजवळ ठेवून चाळीस टक्क्यांवर वाजवला की बॅटरीही जास्त वर्षं टिकते, हा अंतराचा दुसरा फायदा.

सेल बसला तर बदलता येतो. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, काम करून देणारे सापडतात. पण आधी पाहावं की आत ३.७ व्होल्टचा एक सेल आहे की दोन सेल जोडून ७.४ व्होल्ट केले आहेत. जुन्या पॅकवर ते छापलेलं असतं. नवा पॅक त्याच व्होल्टचा, संरक्षक सर्किटसह आणि स्पॉट वेल्ड केलेला हवा. थेट सेलला सोल्डरिंग आयर्न लावणाऱ्याकडून स्पीकर परत घ्यावा. एकदा उघडलेल्या स्पीकरचा जलरोधकपणा मात्र गेला असंच समजायचं.

स्वस्त स्पीकरची आणखी एक खोड: सी-पोर्ट असतो, पण सी-टू-सी केबलने चार्ज होत नाही. पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते बनवणाऱ्याने वाचवलेले असतात. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरने आणि ए-टू-सी केबलने तोच स्पीकर मुकाट्याने चार्ज होतो.

संचाची बाजूही मांडायला हवी. त्यात डावं-उजवं खरं असतं. बाटलीछाप बहुतेक स्पीकर एकाच जागेहून बोलतात. दोन घेऊन जोडी लावता येते, पण दोन्ही एकाच पिढीचे घ्यावे लागतात. जेबीएलचंच पाहा, जोडी लावायच्या पार्टीबूस्ट या जुन्या पद्धतीचा स्पीकर ऑराकास्ट या नव्या पद्धतीच्या स्पीकरशी जुळत नाही. ज्यांना संध्याकाळी दार लावून, पंखा बंद करून एखादा राग पूर्ण ऐकायचा आहे, त्यांनी संचच घ्यावा, मी आड येणार नाही. घरी कोणी कीबोर्ड किंवा तबल्याचं ॲप वापरत असेल तरीही वायरच हवी. ब्लूटूथवर बोट आणि आवाज यांत दीड-दोनशे मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि ठेका सुटतो. व्हिडिओ ॲप हे अंतर बरंचसं सांभाळून घेतात, वाद्याचं ॲप सांभाळू शकत नाही. बरेच नवे बाटलीछाप स्पीकर वायरचं भोकही देत नाहीत, ते घेण्याआधी पाहावं.

संचाचा त्रास विजेच्या बाजूने येतो. महाल-इतवारीकडच्या जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरतंच असतं. लॅपटॉप संचाला वायरने जोडला आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की घूंऽऽ सुरू. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगचा, संचाचा नाही. वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (ही गुणगुण अडवणारी छोटी डबी) टाकला की भागतं, पण खरा इलाज म्हणजे अर्थिंग नीट करून घेणं. आणि कूलर, पंप आणि संच एकाच बोर्डावर असतील तर पंप बंद-चालू करताना स्पीकरमधून ‘टक्’ असा फटका येतो. तो थांबवायला बोर्ड वेगळा हवा. भाड्याच्या घरात तो कुठून आणायचा?

चाकांचा ट्रॉली स्पीकर हा तिसरा पर्याय लोक सुचवतात, माइक मिळतो म्हणून. स्वस्त ट्रॉलीत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. गणपतीनंतर कोपऱ्यात रिकामी पडली की पुढच्या गणपतीला मेलेली सापडते. महिन्यातून एकदा चार्ज करण्याची शिस्त असेल तरच घ्यावा.

गच्चीवर नेणार असाल तर रात्री १० ते सकाळी ६ हा वेळ कायद्याने शांततेचा आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. गच्चीवर कूलर नसतो, शेजारच्या अंथरुणावरची मंडळी असतात, त्यामुळे आवाज वीस टक्क्यांच्या वर न्यायची गरजही पडत नाही.

घ्यायला बर्डीच्या ‘मोदी नंबर’ नावाच्या गल्ल्यांत जा किंवा मोठ्या शोरूममध्ये, परीक्षा एकच घ्या. दुकानातलं एसीचं गारेगार शांत वातावरण फसवं असतं. डब्यावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते आधी बघा, वॉट आरएमएसमध्ये, म्हणजे सलग मिळणाऱ्या खऱ्या ताकदीत, लिहिले आहेत का तेही. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या आकड्याचे, हजारो वॉट सोडून द्या. मग आवाज ५० वरून ८० वर नेताना बास आकसतो का ते ऐका, एकदा तीन फुटांवरून आणि एकदा दुकानाच्या दारातून. दुकानदार स्वतःचं धमाकेदार गाणं लावेल आणि म्हणेल, ‘भाऊ, बास पहा ना बास!’ त्याला मराठी बातम्या लावायला सांगा आणि स्टँडचा पंखा तीनवर टाकून स्पीकरशेजारी उभा करायला सांगा.