जुळे सोलापुरातली आरओ सर्व्हिस : उशीर चालला असता, कसूर नाही

पाचपैकी 2 स्टार. कंपनीचं नाव टाकत नाही पण अनुभव लिहितोय, कारण आपल्याकडं पाणी रोज येत नाही, चार-चार दिवस टाकीत साठवून प्यावं लागतं आणि घरात लहान पोरं, म्हणजे फिल्टरची सर्व्हिस ही काय चैन नाही ओ.

वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) घेतली, दर तीन महिन्याला माणूस येणार असं ठरलेलं. पहिल्यांदा वीस दिवस उशिरा आला. दिरंगाई झाली, सोडून दिलं. दुसऱ्यांदा कार्बन फिल्टर बदलला पण पाईप नीट बसवला नाही, रात्रभर ओट्याखाली पाणी. ही हयगय, तीपण गिळली. तिसऱ्यांदा आई एकटीच घरी होती, तर पठ्ठ्या मशीनचं झाकणसुद्धा न उघडता कार्डावर 'सेडिमेंट बदलला, टीडीएस तपासला' लिहून सही करून गेला. संध्याकाळी मी उघडून बघतो तर तोच जुना फिल्टर, गाळानं पार तपकिरी.

फोन लावला तर म्हणतो, "भैया, माल नहीं आया, इसमें मेरा क्या कसूर?"

वडील शेजारीच बसलेले. ते जिल्हा परिषदेत आस्थापनेवर होते, 'कर्तव्यात कसूर केल्याबद्दल' अशा कारणे दाखवा नोटिसांचे मसुदे त्यांनी किती केले असतील. ते म्हणाले, हिंदीत कसूर म्हणजे गुन्हा, दोष, तो त्या अर्थानं विचारतोय. मराठीत कामात कसूर म्हणजे अंगावर घेतलेलं काम न करणं, मूळ अरबी शब्दातच कमी पडण्याचा अर्थ आहे. माल आला नाही हा त्याचा दोष नाही, मान्य. पण न बदलता बदलला म्हणून लिहिलं, याला कसूरच म्हणायचं. उशिराचं एक वेळ समजू शकतं, सरकारी ऑफिसातसुद्धा 2005 च्या दिरंगाईच्या कायद्यात फाईलला एका टेबलावर कामाचे सात दिवस दिलेत, पण खोट्या नोंदीला कसली मुदत?

कंपनीच्या ऑफिसातल्या ताई मात्र नीट बोलल्या, दुसऱ्याच दिवशी वेगळा पोरगा पाठवला, त्यानं जुना फिल्टर काढून आईच्या हातात दिला, नवा तिच्यासमोर बसवला. ते 2 स्टार त्या दोघांचे.

एएमसी रिन्यू करणार नाही. तुमच्याकडं कोण येत असेल तर जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय कार्डावर सही देऊ नका.