एमए इंग्लिश : स्ट्रक्चर घेऊ की व्हरायटीज?

भाची एमए पार्ट टूला गेली, परवा तिचा फोन, मामा लिटरेचर खूप झालं आता लँग्वेजचा पेपर घेते, पण स्ट्रक्चर ऑफ इंग्लिश घेऊ की व्हरायटीज ऑफ इंग्लिश? मी दोन्ही केलेत, तिसऱ्या सेमिस्टरला स्ट्रक्चर (इंग्रजीचे ध्वनी आणि व्याकरण) आणि चौथ्याला व्हरायटीज (ठिकठिकाणचे लोक प्रत्यक्षात इंग्रजी कशी बोलतात ते), म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढू, अजून कोणी अडकलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

स्ट्रक्चर वाईट नाही हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्याच्यावर जरा घसरणार आहे. सिंटॅक्सचा, म्हणजे वाक्यरचनेचा भाग मला मनापासून आवडला. 'ओल्ड मेन अँड विमेन' मधे बायका म्हाताऱ्या आहेत का नाहीत, यावर नुसती चर्चा करण्यापेक्षा दोन ट्री डायग्राम (कुठला शब्द कशाला जोडलाय ते फांद्यांनी दाखवणारी आकृती) काढा, दोन अर्थ समोर दिसतात. मार्कही छान पडतात, उत्तर बरोबर नाहीतर चूक, लिटरेचरसारखं आठ पानं लिहूनही परीक्षकाच्या मूडवर नाही. आणि नेट परीक्षेचं (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) म्हणाल तर त्याच्या सिलॅबसात भाषेच्या बेसिक्सचं एक युनिट आहे तसंच भारतातल्या इंग्रजीचंही एक आहे, त्यामुळे त्यावरून ठरवू नका.

माझं बिनसलं ते 'र'वरून. ट्रान्स्क्रिप्शन (उच्चार ध्वनिचिन्हांत लिहून काढणं) सगळं आरपीमधे (रिसीव्ड प्रोनन्सिएशन), म्हणजे ती ४४ ध्वनींची ब्रिटिश साहेबी इंग्रजी. त्यात 'फार्मर'मधे दोन्ही र गायब, नुसतं 'फाम' आणि पुढे एक अर्धवट स्वर. मी इंटर्नलला दोन्ही र लिहिले, मार्क कापले. विचारायला गेलो तर सर म्हणाले, "अरे, फार्मरमधे र नसतो." आणि हे म्हणताना त्यांनी स्वतः दोन्ही र असे खणखणीत म्हटले की मागच्या बाकावर हशा. बरं, र कायमचा गेलाय असंही नाही, 'कार'मधे नाही पण 'कार इज' म्हटलं की परत हजर! नियम समजत होता हो, पण वर्गात, स्टाफरूममधे, आख्ख्या गावात जे कोणी बोलत नाही ते सेमिस्टरभर कानांऐवजी डिक्शनरी बघून लिहायचं, ते काही माझ्याने होईना. सिलॅबस सगळीकडे इतका आरपीला चिकटलेला नसेलही, आमचा होता.

मग व्हरायटीजमधे तोच र भेटला, पण थाटात. १९६२ मधे विल्यम लबॉव हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअर्समधे फिरला, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विचारायचा, उत्तर आलं 'फोर्थ फ्लोअर' की ऐकू न आल्यासारखं करून परत विचारायचं आणि बाजूला जाऊन र आला का ते टिपून घ्यायचं. महागड्या दुकानात र जास्त! म्हणजे जो र गाळणं लंडनमधे साहेबी तोच उच्चारणं तिथे प्रतिष्ठेचं. हे वाचल्यावर माझ्या कापलेल्या मार्कांचं दुःख बरंच हलकं झालं.

आणि आपल्याकडचंही मटेरियल भरपूर आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्रींनी १९७८ सालच्या छापील भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस, म्हणजे अभ्यासासाठी गोळा केलेल्या मजकुराचा साठा, उभा केला, जगभर 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणूनच ओळखतात. मी प्रोजेक्टला आपलं 'ओन्ली' घेतलं. 'आय अॅम इन पुणे ओन्ली' याला चूक म्हणून लाल रेघ मारता येते, पण मराठीत म्हणून बघा, 'मी पुण्यातच आहे'. आपला 'च' शब्दाच्या मागे चिकटतो, तसाच तो ओन्ली. इतर भारतीय भाषावालेही असं बोलतात, त्यामुळे सगळं श्रेय मराठीला देता येत नाही, व्हायवाला नेमकं त्यावरच पकडलं मला.

व्हरायटीजचा त्रास वेगळा. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग लिहून काढायला माझा आख्खा रविवार गेला, मधे कुकरच्या शिट्ट्या वेगळ्याच. भाषातज्ज्ञ ब्रज काचरूंची तीन वर्तुळं (इंग्रजी मातृभाषा असलेले देश, ती दुसरी भाषा म्हणून वापरणारे भारतासारखे देश आणि परकी भाषा म्हणून शिकणारे देश) परीक्षेला इतकी घोकतात की हा पेपर म्हणजे तेवढंच असं वाटायला लागतं. आणि व्याकरण कच्चं असेल तर 'प्रीपोन'सारख्या (पोस्टपोनच्या उलट, आपल्याकडचा शब्द) गमतीजमती गोळा करण्यापलीकडे गाडी जात नाही. ओन्ली वाक्यात कुठे बसतो हे मला मांडता आलं ते त्या ट्री डायग्राममुळेच, हे कबूल करावं लागेल.

त्यामुळे ज्याला गणितासारखं स्वच्छ काही हवंय, पुढे लिंग्विस्टिक्समधेच जायचंय, त्याने खुशाल स्ट्रक्चर घ्यावं. बाकीच्यांनी, माझ्या मते हं, व्हरायटीज घ्या आणि सिंटॅक्स सुट्टीत घरी करा, उलटं जमत नाही, कारण व्हरायटीज घरी बसून होत नाहीत. भाचीला एवढंच विचारलं की तुला बसमधे मागच्या सीटवरचं बोलणं ऐकायची सवय आहे का. म्हणाली, मामा, परवाच त्या नादात स्टॉप चुकला.