‘ब्लॅकमेल’: मुका बघावा की बोलका?

दिग्दर्शक हिचकॉकचा १९२९ चा ‘ब्लॅकमेल’ चार्ल्स बेनेटच्या नाटकावरून घेतलेला. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक मुकी आणि एक बोलकी; बोलक्यातही सुरुवातीच्या अटकेच्या प्रसंगात फक्त संगीतच आहे. ब्रिटिश म्युझियमच्या घुमटावरचा पाठलाग दोन्हींत.

बोलक्याची खरी कमाई म्हणजे न्याहारीचा प्रसंग. आदल्या रात्री अंगावर आलेल्या चित्रकाराला नायिका ॲलिसने सुरीने भोसकलंय. शेजारीण त्याच खुनावर बडबडतेय. हळूहळू तिचं बोलणं नुसती पुटपुट होतं, ‘सुरी’ तेवढं स्पष्ट, पुन्हा पुन्हा. वडील पाव कापायला सांगतात आणि ॲलिसच्या हातातून सुरी उडते! मुक्या आवृत्तीला हे कुठून जमणार?

पण ॲलिस झालेल्या ॲनी ओंड्राचे उच्चार पडले परदेशी. तेव्हा नंतर डबिंग करायची सोय नव्हती. म्हणून ती नुसते ओठ हलवायची आणि कॅमेऱ्याबाहेरून जोन बॅरी संवाद म्हणायची. ती कसरत कळते, संवाद रेंगाळतात. मुक्यात मात्र ओंड्रा मोकळी आहे, चित्रपटही सरसर पुढे जातो. ब्रिटनमधल्या कित्येक थिएटरांत तेव्हा ध्वनियंत्रणाच नव्हती, तिथे मुकाच लागला.

एकच बघणार असाल तर मुका बघा. न्याहारीचा प्रसंग तेवढा बोलक्यातून.