कोलिस्टिनची चाचणी: आगरची थाळी की द्रव माध्यम?

यवतमाळकडच्या आमच्या कॉलेजात पोट्टे कोलिस्टिन या प्रतिजैविकाची चकती जिवाणू पेरलेल्या आगरवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, ठेवतात अन् भोवती जिवाणू न वाढलेलं इवलंसं वर्तुळ पाहून हिरमुसतात. दोष औषधाचा नाही. हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) मोठं, धनभारित. आगरमधल्या ऋणभारित गटांना धरून बसतं. पावसाळ्यात वावरातली काळी माती चपलेला धरते ना, तसंच. पुढं सरकतच नाही. थाळी स्वस्त आहे, पण इथं तिच्यावर माझा भरवसा नाही.

द्रव माध्यमात औषध दुपटीनं पातळ करत गेलं की किमान रोधक मात्रा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा, थेट आकड्यात मिळते. २०१६ पासून कोलिस्टिनसाठी हीच शिफारस आहे. मेहनत जास्त, तरी मी हीच करायला लावते. माध्यमातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मात्र ठरलेलंच हवं, वाढलं की औषधाचा जोर उतरतो. जिवाणूही मिलिलिटरला ५ लाखांच्या आसपासच ठेवा.