जिगचं डोकं, वजन, रंग ठीक. स्कर्टची रबरी रिंग मात्र बदला

रिंग तुटली तीही ऐन मासा लागल्यावर. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी अर्ध्या औंसाची जिग (धातूचं वजनदार डोकं बसवलेला गळ) सोडली, तंगूस (गळाचा धागा) एका बाजूला सरकला, झटका दिला, हाताला वजन लागलं आणि दुसऱ्या क्षणी सगळं मोकळं. वर घेऊन पाहिलं तर स्कर्ट, म्हणजे डोक्यामागची पट्ट्यांची झालर, धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगचे दोन तुकडे झालेले. सिलिकॉनच्या निम्म्या पट्ट्या गेलेल्या आणि उरलेल्या गळाच्या बाकात गोळा होऊन टोकावर अडकलेल्या. टोक झाकलं गेलं म्हणूनच बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) सुटला, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

मोसमभर याच जिग वापरतोय. पाकिटावर काय लिहिलंय ते सगळ्यांनी वाचलेलं असतं, त्यामुळे ते परत सांगत नाही. नितळ, गढूळ, शेवाळलेल्या, खोल आणि आता थंड पाण्यात त्या कशा वागल्या तेवढंच लिहितो. पण आधी ही रिंग, कारण बाकी सगळी निवड हिच्यावर अवलंबून आहे.

जिग खाली बुडताना पट्ट्या छत्रीसारख्या उघडतात आणि तळाला टेकली की सावकाश मिटतात. बास जो फसतो तो या उघडण्या-मिटण्याला. रिंग सैल झाली की स्कर्ट डोक्यापासून थोडा थोडा मागे सरकतो. शेवाळातून ओढली की आणखी सरकतो. मग पट्ट्या उघडतच नाहीत, ट्रेलरवर (गळाला मागे लावायच्या मऊ प्लास्टिकच्या आमिषावर) चिकटून बसतात, आणि पाण्यात नुसता एक लांबट गोळा फिरत राहतो. तुम्ही रंग बदलता, जागा बदलता, वजन बदलता, आणि दोष असतो या एवढ्याशा रबरात. ते सडतं दोन कारणांनी. एक ऊन. दुसरं म्हणजे मऊ प्लास्टिकच्या ट्रेलरमधलं तेल. ट्रेलर लावून ठेवलेल्या जिग तशाच डब्यात टाकल्या की ते तेल रबरात मुरतं, रबर फुगतं आणि ढिलं पडतं. डोक्याचा रंगही चिकट होऊन सोलतो. त्यामुळे ट्रेलर काढून वेगळे ठेवायचे आणि जिग पुसून, वाळवून मगच डबा बंद करायचा.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की रबर हा झिजणारा भाग आहे, तो हमीत बसत नाही. झिजणारा भाग आहे हे मान्य, मग पाकिटात दोन जादा रिंग का टाकत नाही? आणि ज्या वस्तूवर 'दाट अडथळ्यांसाठी' असं छापलंय, ती दाट अडथळ्यांत झिजली तर तो वापरणाऱ्याचा दोष कसा? यावर उत्तर नाही. शेवटी संपूर्ण नवीन जिग घेण्याचा सल्ला मिळाला. चांगला गळ, चांगलं डोकं, शाबूत ब्रश (गळाचं टोक अडकू नये म्हणून त्यापुढे असलेले ताठ तंतू) असलेली वस्तू एका रबरासाठी फेकून द्यायची ही कल्पनाच मला सहन होत नाही.

उपाय सोपा आहे. रिंग कापून टाका आणि डोक्यामागच्या गळपट्टीवर स्कर्ट तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या पातळ तारेने बांधा. तीन-चार वेढे, पक्कडीने पीळ, टोक कापून आत दाबायचं, म्हणजे शेवाळ अडकत नाही. तार फार बारीक असेल आणि जोरात आवळली तर सिलिकॉन कापते, तेवढं सांभाळा. तारेची कंबर अरुंद होते, त्यामुळे पट्ट्या रिंगपेक्षा जास्त फुलतात हा वरचा फायदा. बांधल्यापासून एकही स्कर्ट घसरलेला नाही. नवीन घेणार असाल तर मुळातच तारेने बांधलेली जिग बघा.

आता पाणी. नितळ पाण्यात बासला जिग नीट न्याहाळता येते. तिथे पाव ते तीन अष्टमांश औंस, म्हणजे साधारण ७ ते १०.५ ग्रॅम, यापलीकडे मी जात नाही. हिरवट-तपकिरी रंग, स्कर्टच्या काही पट्ट्या काढून टाकलेल्या आणि उरलेल्या गळाच्या बाकाच्या जरा मागे कापलेल्या. ट्रेलर लहान. लांबून टाकायची आणि पाण्यात हळू उतरवायची. तंगूस फ्लुओरोकार्बनचा, कारण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.४२ च्या आसपास आणि पाण्याचा १.३३. नायलॉनपेक्षा तो पाण्याच्या जवळ आहे, म्हणून पाण्यात कमी दिसतो, शिवाय तो बुडतो, त्यामुळे तळाशी काय चाललंय ते हाताला लवकर कळतं.

रंगांबद्दल एक गोष्ट कळल्यापासून माझी खरेदी निम्मी झाली. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, एक हिरव्याला आणि एक लाल रंगाला प्रतिसाद देणारी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माशांना ठरावीक रंगाकडे गेल्यावर खाणं मिळतं असं शिकवलं होतं. लाल आणि हिरवा त्यांना चांगला ओळखता आला. पण गडद निळा आणि काळा यांत गोंधळ झाला, आणि पोपटी-पिवळा आणि पांढरा यांतही. म्हणजे काळ्या स्कर्टमधल्या ज्या निळ्या पट्ट्यांसाठी आपण वेगळं पाकीट घेतो, त्या बहुधा आपल्याच डोळ्यांसाठी असतात. मी आता एक गडद, एक हिरवट-तपकिरी आणि पोहत्या जिगसाठी (तळाला न टेकवता पाण्यातून ओढायच्या) एक पांढरी, एवढंच ठेवतो. सगळ्या तपकिरी छटा जमवण्याचा हट्ट सोडला आणि काही बिघडलं नाही.

गढूळ पाण्यात मात्र गडद रंगाला पर्याय नाही. हातभर खालचं दिसत नसेल तर माशाला दिसते ती फक्त सावलीसारखी आकृती, आणि काळी आकृती सगळ्यात ठळक. दुसरी मदत त्याच्या अंगावरच्या पार्श्वरेखेची. जवळच्या पाण्यातली हालचाल तो तिच्यामुळे टिपतो. म्हणून इथे स्कर्ट कापायचा नाही, ट्रेलर मोठा आणि नांग्या फडफडवणारा घ्यायचा. मोठ्या ट्रेलरमुळे तीच जिग हळू उतरते आणि माशाला ती शोधायला वेळ मिळतो, त्यामुळे वजन वाढवायची घाई करू नका. अशा पाण्यात बास बुंधा, ओंडका, खडक यांना अगदी चिकटून असतो. वीतभर लांब पडलेली जिग वाया. एकाच बुंध्याच्या चारही बाजूंना पुन्हा पुन्हा सोडा. पाऊस पडून गेल्यावर गढूळ पाणी नितळात मिसळताना जी रेघ दिसते, तिथे मला सगळ्यात चांगले मासे मिळालेत, तेही नितळाच्या बाजूने टाकून. खुळखुळा लावावा का? लावा, पण तोही रबरी पट्ट्यानेच अडकवलेला येतो, आणि त्या पट्ट्याची गत रिंगसारखीच झाली. मी तोही तारेने बांधला.

शेवाळ आणि पाणवनस्पतींत डोक्याचा आकार आणि तंगूस बांधायच्या डोळ्याची जागा, या दोनच गोष्टी बघा. रुंद, चपट्या डोक्याची जिग लाकडातून छान निसटते, पण गवतात तिचा डोळा वर असल्यामुळे गाठीवर पुंजका जमतो. गवतासाठी टोकदार डोकं आणि अगदी नाकावर असलेला डोळा हवा. तंगूसऐवजी ५० ते ६५ पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी आणि ताठ रॉड. लागलेला मासा तिथे खेळवत बसलात तर तो दोरी झाडात गुंतवून मोकळा होतो.

गळाच्या टोकापुढचा ब्रश नवीन जिगवर नेहमीच गरजेपेक्षा ताठ असतो. अंगठ्याने दाबून बघा. टोक उघडं पाडायला जोर लावावा लागत असेल तर मासा तोंडात घेईल आणि थुंकून टाकेल, गळ लागणारच नाही. ब्रशचे तंतू गळाच्या टोकाच्या जरासेच पुढे राहतील एवढे कापायचे, थोडे मुळाशी काढून टाकायचे आणि उरलेले दोन बाजूंना फाकवायचे. उघड्या, खडकाळ तळावर मी जवळजवळ निम्मे काढतो. दाट लाकडात मात्र हात लावत नाही.

आता टंगस्टन. मोसमाच्या मध्यापर्यंत माझं मत होतं की यावर जादा पैसे घालू नयेत. उथळ पाण्यात, लाकडात आणि गवतात शिशाची जिग तेच काम करते आणि अडकून तुटली तर जीव हळहळत नाही. ते मत उथळ पाण्यापुरतं आजही कायम आहे. पण नंतर पाणी उतरलं, मासे पाच-सहा मीटरवरच्या गोट्यांच्या तळावर गेले आणि तिथे टंगस्टनने मला मत बदलायला लावलं. शुद्ध टंगस्टनची घनता दर घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, शिशाची ११.३. त्यामुळे तेवढ्याच वजनाचं डोकं बरंच लहान होतं, आणि धातू कठीण असल्याने गोटा, रेती, चिखल यांतला फरक रॉडमधून स्पष्ट हाताला येतो. शिसं मऊ आहे, ते तो ठोका गिळून टाकतं. अमेरिकन फुटबॉलसारखं लांबट, आडवं डोकं गोट्यांवरून ओढताना गळ वर उचलला जातो आणि ट्रेलरच्या नांग्या उभ्या राहतात, घाबरलेल्या क्रेफिशच्या (गोड्या पाण्यातला नांग्यांचा, झिंग्यासारखा प्राणी) राहतात तशा. त्या खोलीवर अर्धा आणि पाऊण औंस टंगस्टन फुटबॉल, बाकी सगळीकडे शिसं, असं आता माझं ठरलेलं आहे.

त्यातही एक गोम आहे. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून ते गळाच्या दांड्याभोवती सरळ ओततात आणि गळ पक्का बसतो. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतं, ते असं ओतता येत नाही. डोकं भुकटीपासून वेगळं घडवतात आणि गळ बहुधा भोकात चिकटवून बसवतात. माझ्या एका जिगचा गळ मोठ्या झटक्यानंतर डोक्यात फिरायला लागला. घेताना डोकं एका हातात धरून गळ पिळून बघा, किंचितही हलला तर परत द्या. शिशाबद्दल मला खरोखर अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. लूनसारखे पाणपक्षी शिशाचे तुकडे पोटात जाऊन मरतात, आणि अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २०१६ पासून एक औंस आणि त्याखालच्या शिशाच्या जिग विकायला आणि गोड्या पाण्यात वापरायला बंदी आहे. तुमच्या पाण्यावर काय नियम आहे ते आधी बघा, आणि झाडात अडकलेली जिग शक्य असेल तिथे सोडवून आणा.

सध्या पाणी थंड आहे, १० अंश सेल्सिअसच्या खाली. बासचं शरीर पाण्याच्या तापमानाबरोबर मंदावतं, तो पाठलाग करत नाही. फडफडणाऱ्या नांग्यांचा ट्रेलर काढून त्या जागी जवळजवळ न हलणारा जाडसर तुकडा लावला आणि वजन पाव औंसावर आणलं. उड्या मारायच्या नाहीत, तळावरून वीतभर ओढायची आणि थांबायचं. पुन्हा ओढायची. सिलिकॉनपेक्षा जुन्या पद्धतीचा खऱ्या रबराच्या धाग्यांचा स्कर्ट इथे उजवा वाटला, कारण जिग स्थिर असतानाही तो थोडा थोडा हलत राहतो. तो लवकर चिकटतो आणि सडतो, पण थंडीच्या महिन्यांपुरता चालून जातो. अर्थात तोही तारेनेच बांधलेला.

थंडीतला घास हातातल्या ठोक्यावरून ओळखायची वाट बघू नका, बहुतेक वेळा ठोका येतच नाही. बास जिग पाण्यासकट आत ओढतो आणि तशीच बाहेर टाकतो, आणि हे तो जागचा न हलता करू शकतो. बघायचं ते तंगूसाकडे. जिग तळाला लागायच्या आधीच तो सैल पडला, किंवा ओढताना ओला चिखल चिकटावा तसा नुसता जडपणा आला, तर विचार करत बसू नका. सैल भाग रीलवर घ्या आणि लगेच झटका द्या.