राजकोटी लिस्टर ६/१ : भंगारातून काढून अकरा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या खंडेनवमीला हे जुनं डिझेल इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, त्याला आता अकरा महिने होतील. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण म्हटलं थांबू, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ दे. कारण जुनी इंजिनं रिस्टोअर केल्याचे व्हिडिओ खूप बघायला मिळतात, हिरवा रंग, चकाचक फ्लायव्हील (बाजूची जड चाकं), दोन मिनिटं चालतं की संपलं, पण पुढे ते इंजिन कामाला लागलं का, काय बिघडलं, हे कोणी सांगत नाही. माझं आतापर्यंत साधारण २६० तास चाललंय. विहिरीवरून २० गुंठ्यांतली भाजी, नारळ आणि चिकू एवढ्याला पाणी.

इंजिन मामांच्या गावचं, कराड तालुक्यातलं. गावच्या पिठाच्या गिरणीवर होतं, गिरणीला विजेची मोटर आली तेव्हापासून कोपऱ्यात पडून. लहानपणी सुट्टीत गेलो की संध्याकाळी त्याचा पुक पुक पुक आवाज ऐकू यायचा आणि आजी म्हणायची गिरण सुरू झाली, डबा घेऊन पळा. मामा ते भंगारात काढणार होते, मी भंगाराच्याच भावाने घेतलं, काट्यावर ३४० किलो भरलं. मामा म्हणाले, "आरं, एवढं लोखंड घेऊन करणार काय तू?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. फक्त ते वितळायला जाऊ नये असं मनापासून वाटत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे मूळ डिझाइन इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या आर. ए. लिस्टर कंपनीचं, १९३० च्या आसपासचं, नाव लिस्टर सीएस. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट, म्हणजे आधीच्या कित्येक ऑइल इंजिनांसारखं दिव्याने हेड तापवत बसायची गरज नाही, थंड इंजिन हँडल मारून सुरू. ६/१ म्हणजे ६ हॉर्सपॉवर, १ सिलिंडर. तिकडे ते १९८७ पर्यंत बनत होतं आणि इकडे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या कॉप्या बनवल्या, आपल्याकडच्या गिरण्या, गुऱ्हाळं, विहिरी यांवर जी स्लो स्पीड इंजिनं होती त्यातली भरपूर ह्याच जातीची. स्पीड फक्त ६५० आरपीएम. तुलनेला किर्लोस्करचं एव्ही-वन घ्या, ५ हॉर्सपॉवर, ५५३ सीसी, १५०० आरपीएम. हे मात्र १४३३ सीसी. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे मिनिटाला ३२५ ठोके, म्हणून तर तो पुक पुक मोजता येईल असा येतो.

आता रिस्टोअरचं. पिस्टन जाम होता. हेड काढून सिलिंडरमध्ये रॉकेल आणि जुनं ऑइल मिसळून भरून ठेवलं, रोज संध्याकाळी लाकडी ठोकळा ठेवून चार ठोके, नवव्या दिवशी केसभर हलला. त्या दिवशी मी आणि मामेभाऊ रात्री अकरापर्यंत तिथेच होतो. लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) होन करून, म्हणजे आतून हलकं घासून, वाचला, व्हॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसवणं, घरीच केलं, नॉझल (डिझेल फवारणारं तोंड) आणि डिझेलचा पंप कराडला टेस्टरवर लावून घेतला, नॉझल नवीन टाकावा लागला. पिस्टनच्या रिंगा ऑनलाइन मागवल्या त्या चुकीच्या आल्या, सिलिंडरमध्ये बसवून टोकांमधला गॅप मोजला तर दीड मिलिमीटर, विकणाऱ्याने परत घ्यायला साफ नकार दिला, ते पैसे गेले. एक लक्षात ठेवा, राजकोटच्या वेगवेगळ्या कारखान्यांची कॉपी एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही. "लिस्टर ६/१ चा पार्ट" म्हणून मागवू नका, आपला जुना पार्ट व्हर्नियरने मोजून माप सांगा.

पण ह्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ मी एका गोष्टीला दिला आणि तोच वेळ सार्थकी लागला असं आज छातीठोकपणे सांगतो. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा ऑइल असलेला खालचा भाग, आतून धुणं. ह्या इंजिनात ऑइल फिल्टर नाही, माझ्यातल्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणारी दांडी) खाली एक छोटी पळी आहे, ती दर फेरीला ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल उडवते, त्या शिंतोड्यांवर सगळं चालतं. म्हणजे ऑइलमध्ये जे असेल ते थेट बेअरिंगला. पहिल्यांदा डिझेलने धुतलं आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात काढलं, गाळ खाली बसल्यावर चिमटीत घेऊन चोळला तर चक्क वाळू. कास्टिंगची वाळू, कारखान्यातून निघतानाची, इतकी वर्षं आत. आतून मारलेला रंगही पापुद्र्यांनी सुटत होता. तारेचा ब्रश, पटाशी, पुन्हा डिझेल, असं पाच वेळा केलं, बोटं कोपऱ्याकोपऱ्यात फिरवून बघितली. बाहेरून रंग मारायला मला एक दिवस लागला आणि आतून साफ करायला चार रविवार. सुरू झाल्यावर पहिलं ऑइल १० तासांनी बदललं, दुसरं २५ तासांनी, आता दर १०० तासांनी. ड्रेनच्या बोल्टला एक लोहचुंबक चिकटवलंय, पहिल्या वेळी त्याच्यावर काळ्या लवेसारखा थर होता, आता बोट फिरवलं तर जेमतेम डाग येतो.

वापरायला कसं आहे? सुरू करणं ही एक सवय आहे. डिझेल फिल्टर साफ केला असेल तर आधी हवा काढायची, डिझेल पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत, मग नॉझलच्या पाइपचा नट. हवा निघाली की हँडल फिरवताना नॉझलमधून कर्र कर्र आवाज येतो, तो आला की समजायचं काम झालं, नाही आला तर कितीही ताकद लावा, सुरू होणार नाही. मग व्हॉल्व्ह उचलायचा लिव्हर वर, फ्लायव्हीलला चांगला वेग द्यायचा आणि लिव्हर सोडायचा. अंगठा हँडलच्या खाली गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, उलटा झटका आला तर मनगट जातं. थंडीत पहाटे दोनदा तीनदा मारावं लागलं, एरवी पहिल्याच वेळी.

इंजिनला १२ इंची पुली, पाण्याच्या पंपाला ५ इंची, म्हणजे पंप १५६० च्या आसपास फिरतो, दाबात काही कमी नाही. डिझेल माझ्या मोजणीत तासाला पाऊण लिटर ते एक लिटर. आणि हे खरं सांगायला हवं की पाण्याचा खर्च म्हणून बघाल तर ५ हॉर्सपॉवरची विजेची मोटर कधीही स्वस्त. फरक इतकाच की आमच्याकडे शेतीची लाइट आठवड्याच्या निम्म्या पाळ्यांत रात्रीची असते आणि मामांना रात्री विहिरीवर जायला लागू नये म्हणून दिवसा आम्ही हे लावतो. मामांचं वय ६४ आहे, अंधारात बांधावरून चालताना मागे एकदा पाय घसरला होता. माझ्यासाठी त्या डिझेलचे पैसे वसूल आहेत.

बिघाड तीन झाले आणि तिन्हीतून शिकायला मिळालं.

पहिला, डिसेंबरात. थंड करायला २०० लिटरचा ड्रम आहे, पंपबिंप नाही, गरम पाणी हलकं म्हणून वरच्या पाइपने ड्रममध्ये जातं आणि गार पाणी खालच्या पाइपने इंजिनात येतं. हे फिरणं तोपर्यंतच चालतं जोपर्यंत ड्रममधली पातळी वरच्या पाइपच्या वर आहे. वाफ होऊन पाणी कमी कमी होत गेलं, वरच्या पाइपचं तोंड उघडं पडलं, फिरणं बंद. ड्रमला हात लावला तर कोमट, मामेभावाला वाटलं सगळं ठीक, आणि इकडे हेडमधून वाफ. वेळेवर बंद केलं म्हणून हेड वाचलं. आता ड्रमवर आतून लाल पट्टा मारलाय, त्याच्या खाली पाणी गेलं की इंजिन लावायचंच नाही. आणि बरेच जण पंपाचंच पाणी नळीने इंजिनातून फिरवतात ते करू नका. विहिरीच्या गार पाण्याने इंजिन कधी तापतच नाही, ऑइलमध्ये पाणी धरतं आणि चिकट गाळ होतो. ह्याला तापलेलंच राहायला आवडतं.

दुसरा, मार्चमध्ये, आणि ह्याने माझी झोप उडवली होती. लोड आला की ठक ठक. एका मिस्त्रींना दाखवलं, त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेलं, इंजिन खोला, क्रँक लेथवर न्या. खर्चाचा आकडा ऐकून दोन दिवस गप्प बसलो. रविवारी इंजिन बंद करून टॉर्च घेऊन नुसता बघत बसलो तेव्हा पंपाच्या बाजूच्या फ्लायव्हीलच्या मध्यभागी, शाफ्ट आणि हब जिथे भेटतात तिथे, चावीच्या, म्हणजे चाक शाफ्टला घट्ट धरणाऱ्या लोखंडी पाचरीच्या, कडेने तांबूस भुकटी दिसली. बोटावर घेतली तर गंजासारखी, पण मैद्यासारखी बारीक. लोखंडावर लोखंड घासलं की अशीच भुकटी येते. म्हणजे बेअरिंग नाही, फ्लायव्हीलची चावी सैल झाली होती आणि एवढं जड चाक शाफ्टवर केसभर मागेपुढे हलत होतं, तोच तो ठोका. चावी काढली, निळा रंग लावून कुठे टेकते बघितलं, एकाच टोकाला टेकत होती. लेथवाल्यांकडून जाड चावी करून घेतली, मी कानशीने तीन तास घासून पूर्ण लांबीला बसवली आणि घणाने ठोकली. ठोका गेला तो गेलाच. सैल चावी ही फक्त आवाजाची गोष्ट नाही, ते चाक सुटलं तर माणूस जाईल, म्हणून आता दर वेळी सुरू करायच्या आधी मी आणि मामेभाऊ दोन्ही हबवरून बोट फिरवतो.

तिसरा, पावसाळ्याचा. जुलैत इंजिन लावायची गरजच पडली नाही. ऑगस्टमध्ये फिरवायला गेलो तर पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) वाकला. सायलेन्सरचा उभा पाइप उघडा, पाऊस सरळ आत, धूर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गंजून त्याच्या नळीत (गाइडमध्ये) अडकलेला. तेव्हा मामांनी सांगितलं की गिरणीवर पाइपच्या तोंडावर जो पत्र्याचा डबा उपडा अडकवलेला असायचा तो नुसता आवाजासाठी नव्हता. इतकी वर्षं मला वाटायचं गावाला कळावं म्हणून लावतात. आता तुपाचा रिकामा डबा वायरने अडकवलाय, बंद असताना पाइप झाकतो आणि सुरू असताना उडत राहतो, आणि आवाज अगदी तोच येतो जो लहानपणी यायचा. पहिल्या दिवशी तो ऐकून समोरच्या घरातल्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

अजून एक, बिघाड नाही पण सांगतो. ह्याला लोड न देता तासन् तास नुसतं चालवू नका. पाहुण्यांना दाखवायला म्हणून अर्धा अर्धा तास रिकामं चालवायचो, तर पाइपमधून काळं चिकट गळायला लागलं. पंपाला जोडून दोन तास दमात चालवलं की साफ होतं.

खर्च भंगाराच्या किमतीच्या पावणेदोन पट झाला, त्यातला सगळ्यात मोठा लेथचा आणि नॉझल-पंपाचा. घ्यावं का? जागा असेल, पक्कं काँक्रीटचं फाउंडेशन करायची तयारी असेल आणि दर आठवड्याला तासभर देता येत असेल तर नक्की घ्या. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये ठेवायला घेणार असाल तर नको, हे हादरतं आणि ह्याला काम लागतं.

आणि घेताना रंग बघू नका, नवीन रंग असेल तर उलट जास्त बघा. ऑइलच्या झाकणातून बोट घालून तळ चाचपा, खरखरीत लागतं का. हेडच्या कडेला पांढरा क्षार उतरलाय का. चाक अर्धं फिरवून कॉम्प्रेशनवर (आतली हवा दाबली जाते तिथे) आणा आणि सोडा, चेंडूसारखं परत उसळलं तर रिंगा-व्हॉल्व्ह ठीक. शेवटी दोन्ही फ्लायव्हील एकेक करून दोन्ही हातांनी धरा आणि मागेपुढे जोरात हलवा, शाफ्ट न फिरता चाक जरासुद्धा हललं तर आधी चावीचं बोला, मग किमतीचं.